अंगणात काय दिवे लावलेत!

न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियाच्या उपनगरांतून संध्याकाळी एक चक्कर मारा. कुणाच्या ना कुणाच्या हिरवळीवर एखादं बुटकं दीपगृह उभं दिसतंच. लाकडी नाहीतर प्लॅस्टिकचं, तीन-चार फुटांपासून पार डोक्याच्या वर जाणारं. बरीचशी लँकेस्टर काउंटीतल्या अमिश सुतारांच्या हातची असतात. स्वतःच्या घरात वीज न घेणारी ही माणसं आपल्यासाठी दिव्याचं खोकं बनवतात, ही त्यातली गंमत. काळ्यापांढऱ्या वळणदार पट्ट्या असल्या की समजायचं, नॉर्थ कॅरोलायनाच्या केप हॅटरसची नक्कल. घर घेतलं, हिरवळ आली, आता तिच्यात ठेवायला काहीतरी हवं म्हणून आपली देसी मंडळीही हल्ली ही दीपगृहं आणायला लागली आहेत.

वस्तूशी माझं भांडण नाही. हौसेला मोल नसतं. भांडण आहे ते तिच्या माथ्यावर काय पेटवायचं याच्याशी. कारण दिवा निवडताना प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो, "किती ब्राइट आहे?" आणि हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. रिक्वायरमेंट चुकली की पुढचं सगळं डिझाइन चुकतं, हे तुम्हा-आम्हाला कुणी वेगळं सांगायला नको.

खऱ्या दीपगृहाचं काम काय? उजेड पाडणं? अजिबात नाही. दीपगृह समुद्र उजळवत नाही, ते फक्त दिसतं. ‘मी अमुक आहे, तमुक ठिकाणी आहे’ एवढीच माहिती ते देतं. आणि ही माहिती उजेडाइतकीच मधल्या काळोखात असते. आमच्या न्यू जर्सीतलं बार्नेगॅटचं दीपगृह १८५९ साली सुरू झालं, १९४४ मध्ये बंद झालं आणि १ जानेवारी २००९ ला पुन्हा पेटलं. त्याची ओळख म्हणजे दर १० सेकंदांनी एक झोत. केप हॅटरसची ओळख ७.५ सेकंद. मॅसॅच्युसेट्समधलं मायनॉट्स लेज १८९४ पासून एक, मग चार, मग तीन असं लुकलुकतं. इंग्रजीत ‘आय लव्ह यू’ची अक्षरं तेवढीच, म्हणून लोकांनी त्याला ‘आय लव्ह यू’ दीपगृहच करून टाकलं. आता या तिघांमधला काळोख काढून टाका. काय उरलं? तीन मोठ्ठे बल्ब. ओळख संपली.

अंगणात आपण नेमकं हेच करतो. पूर्वीच्या ६० वॅटच्या बल्बइतका, म्हणजे ८०० ल्यूमेनचा एलईडी, तोही ५००० केल्विनचा पांढराफटक, दवाखान्यात असतो तसा. वर त्याला रात्रभर गरगर फिरणारी मोटर. केप हॅटरसचा दिवा दोनशे फुटांच्या आसपास उंचीवर आहे आणि त्याच्यासमोर अटलांटिक आहे. तुमचा दिवा पाच फुटांवर आहे आणि त्याच्यासमोर शेजाऱ्याची बेडरूम आहे! दर काही सेकंदांनी त्याच्या पडद्यावरून झोत जातो. त्याला कुठलं जहाज वळवायचं आहे हो?

यावर ठरलेली उत्तरं मिळतात.

"सेफ्टीसाठी लावलाय." डोळ्यांच्या पातळीवर उघडा प्रखर दिवा असला की बाहुली आक्रसते आणि दिव्यामागचा अंधार जास्तच गडद होतो. चोराला लपायला याहून सोयीची जागा नाही. पायरी दिसायला हवी असेल तर पायरीपाशी, खाली तोंड केलेला छोटा दिवा लावा. ती वेगळी रिक्वायरमेंट आहे, ती दीपगृहाच्या गळ्यात मारू नका.

"एलईडी आहे, वीज कितीशी लागते?" खरंय. ९ वॅटचा दिवा रोज बारा तास चालला तर वर्षाला जेमतेम ४० युनिटं, म्हणजे सात-आठ डॉलर. पण हाच तर सापळा आहे. पूर्वी बिल बघून माणूस बटण बंद करायचा. आता बिल दिसत नाही, म्हणून बटणही दिसत नाही.

"माझं अंगण, माझा दिवा." अंगण तुमचं, कबूल. पण उजेड कुंपणापाशी थांबत नाही. रात्री अकराला ढोल वाजवला तर हेच उत्तर द्याल का?

आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. तुमच्या हिरवळीवर आधीपासूनच दीपगृहं आहेत. जिवंत.

जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत इकडे तिन्हीसांजेला गवतावर काजवे उठतात. त्यातला नेहमीचा म्हणजे फोटिनस पायरॅलिस. नर गवतावरून कमी उंचीवर उडत साधारण सहा सेकंदांनी एकदा चमकतो. गवतात बसलेली मादी सुमारे दोन सेकंद थांबून उत्तर देते. झालं, ओळख पटली. अगदी दीपगृहासारखाच प्रोटोकॉल, ठराविक अंतराने चमक आणि मध्ये काळोख. त्यात तुम्ही ८०० ल्यूमेन ओतले की नराला उत्तर दिसत नाही आणि मादी उत्तर द्यायचंच कमी करते. हा माझा भावनिक अंदाज नाही. व्हर्जिनियात केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कृत्रिम उजेडामुळे काजव्यांचं चमकणं आणि जुळणं दोन्ही कमी झालेलं आढळलं. प्रौढ काजवा जेमतेम काही आठवडे जगतो. ते आठवडे तुमच्या शोभेच्या दिव्याने खाल्ले तर पुढच्या पिढीची अंडी कुठून येणार?

पुण्या-मुंबईची आपली भावंडं मे-जूनमध्ये काजवे बघायला पुरुषवाडी, राजमाची, भंडारदरा गाठतात. रात्रीचा घाट, चिखल, गर्दी सगळं सोसतात. इथे तेच काजवे फुकटात दारात येतात, आणि आपण त्यांच्या तोंडावर टॉर्च मारतो!

बरं, मग लावायचं काय? नुसती टीका करून पळून जाणं बरोबर नाही, म्हणून हा माझा स्पेक :

एक, रंग. २२०० ते २७०० केल्विन, त्याहून वर नको. कंदिलाच्या ज्योतीशी नातं सांगणारा पिवळसर उजेड.

दोन, तीव्रता. ५० ल्यूमेनच्या आसपास. रात्रीच्या दिव्यात बसतो तो छोटा सी-७ एलईडी पुरतो. सॉकेट मोठं असेल तर अडॅप्टर मिळतो. काच दुधी हवी, म्हणजे बल्ब न दिसता कंदील दिसतो.

तीन, दिशा. वरचं छप्पर अपारदर्शक हवं, आकाशात उजेड जाता कामा नये. शेजाऱ्याच्या बाजूची काच आतून झाकून टाका. खऱ्या दीपगृहातही जमिनीकडच्या बाजूच्या काचा अशा झाकलेल्या असतात, तेव्हा अस्सलपणाला धक्का लागत नाही.

चार, वेळ. टायमर लावा, दहा वाजता बंद. काजव्यांच्या दिवसांत संध्याकाळी लावूच नका. सहा आठवडे दीपगृह अंधारात राहिलं तर कुठलंही गलबत फुटणार नाही.

पाच, फिरती मोटर. नको. काढून टाका.

वायरचा दिवा असेल तर सामान ‘वेट लोकेशन’चं आणि प्लग जीएफसीआय सॉकेटमध्ये, हे वेगळं सांगत नाही. एक मात्र सांगतो. ज्या सोलर दिव्यांना लोक "उजेडच पडत नाही, मध्यरात्री बंद पडतो" म्हणून नावं ठेवतात, ते या कामाला सगळ्यात चांगले. मंद आहेत आणि बॅटरी संपली की आपोआप झोपतात. हा बग नाही, फीचर आहे. फक्त पांढऱ्याऐवजी पिवळा बघून घ्या. आणि घर समुद्राकाठी असेल तर हेही लक्षात ठेवा की नावांना वाट दाखवणारा खासगी दिवा इथे तटरक्षक दलाच्या परवानगीशिवाय उभारता येत नाही. तेव्हा खऱ्यासारखा झोत टाकायची खुमखुमी तिथे तर अजिबात नको.

आपल्याला हे सगळं परकं वाटायचं खरं तर कारण नाही. अंगणात दिव्याचा मनोरा उभा करणं ही कल्पना आपल्याकडेही जुनीच. देवळापुढची दीपमाळ काय आहे? पण ती रोज रात्री ढणाढणा पेटत नाही. त्रिपुरीला, उत्सवाला, तेलाच्या ज्योतींनी उजळते आणि एरवी काळोखात नुसती उभी असते. म्हणून तर ती पेटल्यावर माणसं बघायला जमतात. तुळशीपुढच्या पणतीलाही कुणी ल्यूमेन विचारलेले नाहीत.

तेव्हा या वीकेंडला स्टूल घ्या, दीपगृहाची टोपी काढा आणि तो पांढरा बल्ब बाहेर काढा. गॅरेजमध्ये तो मस्त चालेल.