मुलींना सामने द्या

सिंगापूरला जुलै २०२५ मध्ये ग्रीसच्या महिलांनी हंगेरीला १२-९ असे हरवून वॉटरपोलोचे विश्वविजेतेपद पटकावले. २०११ मध्ये शांघायला चीनवर ९-८ अशी मात केल्यानंतरचे त्यांचे हे दुसरे विजेतेपद. सिंगापूरच्या आधी फुकुओकाला नेदरलँड्स, दोह्याला अमेरिका आणि पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्पेन जिंकले होते. दोन वर्षांत चार मोठ्या स्पर्धा आणि चार वेगळे विजेते! आठ विश्वविजेतेपदे आणि लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या अमेरिकेची मक्तेदारी संपली आहे. ती मोडणाऱ्यांत असलेल्या ग्रीसची लोकसंख्या जेमतेम एक कोटी, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही कमी.

या छोट्या देशाचे बळ त्याच्या क्लबांत आहे. वूलियाग्मेनीच्या महिला २००९ आणि २०१० मध्ये युरोपच्या विजेत्या ठरल्या. ऑलिंपियाकोसने तो मान २०१५, २०२१ आणि २०२२ मध्ये मिळवला. तिथल्या मुली हंगामभर लीगचे सामने खेळतात. राष्ट्रीय संघात येईपर्यंत त्यांच्या अंगात खेळ मुरलेला असतो.

आपल्याकडे उलट आहे. जलतरणात पदकाच्या जवळ न पोहोचणारी मुलगी वॉटरपोलोकडे वळवली जाते. वर्षभर लॅप्स, एगबीटर किक आणि पासिंगचा सराव होतो, पण खरे सामने मिळतात ते निवड चाचणीत आणि फार तर राष्ट्रीय स्पर्धेत. ही मेहनत वाया जाते असे आम्ही म्हणत नाही. एगबीटरशिवाय हा खेळच नाही. पण सेंटर फॉरवर्ड गोलपासून दोन मीटरवर पाठ करून उभी असते, मागून बचाव करणारी मुलगी तिच्या खांद्यावर भार टाकते, पाण्याखाली पोशाख ओढला जातो, आणि त्याच क्षणी येणारा पास एका हाताने झेलायचा की फाउल मिळवून प्रतिस्पर्धी मुलीला बाहेर पाठवायचे, हे तिला ठरवायचे असते. हा निर्णय कोणत्याही ड्रिलमध्ये शिकवता येत नाही. पॅरिसच्या कांस्यपदकाच्या सामन्यात अमेरिका शेवटच्या क्वार्टरमध्ये १०-७ अशी पुढे होती. डच मुलींनी त्या आठ मिनिटांत एकही गोल होऊ दिला नाही, स्वतः चार केले आणि शेवटचा गोल अखेरच्या क्षणी झाला. एवढा धीर शेकडो सामन्यांतूनच येतो.

महिलांना संधी उशिरा मिळणे ही या खेळाची जुनी कहाणी आहे. पुरुषांचा वॉटरपोलो १९०० पासून ऑलिंपिकमध्ये आहे. महिलांचा आला २००० मध्ये, तोही ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी जाहीर आवाज उठवल्यावर. सिडनीत त्यांनीच अमेरिकेला ४-३ असे हरवून पहिले सुवर्ण घेतले. यवेट हिगिन्सने विजयी गोल केला तेव्हा अवघी १.३ सेकंदे उरली होती. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांचे संघ दहावरून बारा होतील, पुरुषांच्या बरोबरीने.

भारताला हा खेळ नवा नाही. १९५१ च्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत आपल्या पुरुषांनी दिल्लीत सुवर्ण जिंकले होते. २०१० मध्ये ग्वांगझूला महिलांचा वॉटरपोलो आशियाई स्पर्धेत प्रथमच आला, तेव्हा भारताच्या मुलीही पाण्यात होत्या. २०२५ ची आशियाई जलक्रीडा स्पर्धा तर आपल्या शेजारी अहमदाबादलाच झाली. पण स्पर्धा दाराशी आल्याने संघ घडत नाही.

म्हणून प्रशिक्षकांना आणि जिल्हा संघटनांना आमचे कळकळीचे सांगणे आहे. पूर्ण मापाच्या मैदानाची वाट पाहू नका. टँकच्या खोल बाजूला दोरी बांधून आडवे मैदान आखा. सात मुली नसतील तर पाच-पाच खेळवा. दोन-तीन क्लब एकत्र या, महिन्यातून दोन रविवार ठरवा आणि चौदा वर्षांखालील मुलींपासून लीग सुरू करा. पंच म्हणून माजी खेळाडूंना बोलवा; नव्या पंचांची तयारीही त्यातूनच होईल. निकाल आमच्याकडे पाठवा, ते आम्ही दर महिन्याला छापू. येत्या हंगामात प्रत्येक मुलीला किमान वीस सामने मिळालेच पाहिजेत.