मूल काय शिकतें हें घरास कळलें पाहिजे

ज्या व्यापाऱ्यानें आपलें भांडवल गुमास्त्याच्या हातीं सोंपविलें आहे, तो महिनाअखेर रोजमेळ व खतावणी पाहिल्यावांचून राहत नाहीं. आणि गुमास्ता कितीही विश्वासू असला तरी त्याला या पाहण्यांत अपमान वाटत नाहीं. परंतु तोच व्यापारी आपलें सहा वर्षांचें मूल पहिल्या इयत्तेंत घालतो, आणि पुढें चार वर्षें त्या मुलाच्या पदरांत काय पडलें याची चौकशी "वरच्या वर्गांत गेलें ना?" एवढ्या प्रश्नापलीकडे नेत नाहीं. हा दोष त्याचा एकट्याचा नव्हे. त्याला विचारावें कोणास, आणि विचारल्यास कळेल अशा भाषेंत सांगणार कोण, याची व्यवस्थाच कोणी केलेली नाहीं.

आम्ही हें कोपरीच्या वस्तीकडे पाहून लिहीत आहों. ठाण्याच्या पूर्वेकडील या भागांत कोळ्यांचीं जुनीं घरें आहेत, फाळणीनंतर सर्वस्व सोडून आलेल्या व पुन्हां दुकानें उभीं करणाऱ्या सिंधी बंधूंची वसाहत आहे, आणि कोंकणांतून, देशावरून व उत्तरेकडून पोटासाठीं आलेलीं कुटुंबेंही आहेत. घरांतली बोली एक, गल्लींतली दुसरी व पाठ्यपुस्तकांतली तिसरी, असा प्रकार येथें कित्येक मुलांच्या वांट्यास येतो. बाप सकाळीं मुंबईची गाडी गांठतो, आईही पुष्कळ घरांतून कामास जाते. घर आणि शाळा यांची गांठ पडते ती फाटकापाशीं, आणि तेथें निरोप मिळतो तो शुल्काचा, गणवेषाचा किंवा संमेलनाच्या तारखेचा. अलीकडे हाच निरोप व्हॉट्सॲपच्या गटावर येतो. वेग वाढला, मजकूर तोच राहिला!

वर्षांतून दोन वेळां प्रगतिपत्रक घरीं येतें. त्यांत "आकारिक", "संकलित" असे शब्द असतात, पुढें अ-१, ब-२ अशा श्रेणी असतात, आणि खालीं "प्रगति समाधानकारक" असा शेरा असतो. आतां ज्या आईनें हें पत्रक हातीं घेतलें तिला आपली मुलगी जोडाक्षर वाचूं शकते कीं नाहीं, हातच्याची वजाबाकी तिला येते कीं नाहीं, हें यावरून काय समजावें? आम्ही कायद्याचे पदवीधर आहों, दस्तऐवज वाचण्यांत आमचें आयुष्य गेलें. तरी या पत्रकांतून आम्हांसही अर्थबोध होत नाहीं.

कायदा मात्र या बाबतींत अगदीं स्पष्ट आहे. २००९ सालचा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या कलम २४ मध्यें शिक्षकाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. त्यांपैकीं पांचवें असें कीं, शिक्षकानें पालकांच्या नियमित सभा घ्याव्या, आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची शक्ति, शिकण्यांत झालेली प्रगति व इतर संबद्ध माहिती त्यांस द्यावी. या कर्तव्यांत कसूर झाल्यास सेवानियमांप्रमाणें शिस्तभंगाची कारवाईही सांगितली आहे. कलम २१ अन्वयें विनाअनुदानित शाळा सोडून इतर शाळांत जी व्यवस्थापन समिति असावयाची, तिचे निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे व निम्म्या स्त्रिया असाव्या, असाही दंडक आहे. खाजगी विनाअनुदानित शाळांसाठीं महाराष्ट्रांत २०११ सालचा शुल्कनियमनाचा कायदा आहे. त्यानें पालक-शिक्षक संघ आवश्यक केला आहे खरा, पण शुल्क ठरविण्यासाठीं. म्हणजे मुलावर किती पैसा खर्च होतो हें विचारण्यास पालकांना संघ मिळाला. त्या पैशांत मूल काय शिकलें हा प्रश्न संघाच्या सभेंत निघाला तर निघाला!

येथें थोडें मागें पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं. श्रीमंत सयाजीराव महाराजांनीं १९०६ मध्यें बडोदें संस्थानांत सक्तीचें शिक्षण लागू केलें. नामदार गोखल्यांनीं १९११ मध्यें सक्तीच्या शिक्षणाचें बिल आणलें व सरकारपक्षाच्या मतांपुढें तें पडलें. शाहू छत्रपतींनीं १९१७ मध्यें करवीर राज्यांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें आणि मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या बापावर महिना एक रुपया दंड बसविला. त्या काळीं बापाला शाळेच्या दारापर्यंत ओढून आणावें लागत होतें. आज बाप स्वतः होऊन, कर्ज काढून, दारापर्यंत येतो. त्याला आंत काय चाललें आहे तें दिसत नाहीं इतकेंच.

हें न दिसल्यानें काय होतें याचा धडा २०१९ च्या जून महिन्यांत सर्व महाराष्ट्रास मिळाला आहे. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकांत एकवीस या संख्येस "वीस एक", सत्तावन्न या संख्येस "पन्नास सात" असें वाचण्याची रीत आली. झालें! घराघरांत, वर्तमानपत्रांत, विधिमंडळांत एकच गहजब उडाला. मराठीचा खून झाला असें कोणी म्हणाले. बाजारांत मूल उद्यां हिशेब कसा करील असें व्यापाऱ्यांनीं विचारलें. गणित समितीच्या अध्यक्षा कै. मंगला नारळीकर यांनीं जुनीं नांवें काढून टाकलेलीं नाहींत, दोन्ही रीती दिल्या आहेत, असा खुलासा केला. पण तोंपर्यंत थट्टेला ऊत आला होता.

आतां या रीतीमागील विचार किती साधा होता पहा. मराठींत आपण "सत्तावन्न" म्हणतांना सात आधीं बोलतों व पन्नास मागून; लिहितांना मात्र पांच आधीं व सात मागून. "एकोणसाठ" म्हणतांना तर साठाचें नांव घेऊन पन्नाशींतील संख्या सांगतों. सात वर्षांचें मूल सत्तावन्न ऐकून ७५ लिहितें तें मूर्ख म्हणून नव्हे, तर ऐकलें तसें लिहितें म्हणून. कानडी व तेलुगु मुलांना ही अडचण फारशी पडत नाहीं, कारण त्यांच्या भाषांत दशक आधीं बोलतात. आमच्या मतें जुनीं संख्यानामें टिकलींच पाहिजेत, बाजारपेठ त्यांवर चालते. परंतु ती शिकण्याची शिडी म्हणून दुसरी रीत जोडीला देण्यांत कांहीं पाप नव्हतें. तें कसेंही असो. हीच चार वाक्यें शाळा उघडण्यापूर्वीं प्रत्येक पालकास एका कागदावर छापून मिळालीं असतीं, तर वाद झाला असता, पण तो जाणत्यांचा झाला असता. पुष्कळांना आपल्या मुलाच्या पुस्तकांतील गोष्ट कळली ती पुस्तकांतून नव्हे, दूरचित्रवाणीवरील आरडाओरडींतून.

२०२५ मध्यें पहिलीपासून हिंदी शिकविण्याबाबत तेंच घडलें. एप्रिलच्या १६ तारखेस निर्णय निघाला, १७ जूनला त्यांत फेरफार झाला, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागें घेण्यांत आले. दरम्यान शाळा सुरू झाल्या होत्या. आम्ही सक्तीच्या विरुद्ध आहों. पण येथें मुद्दा वेगळा आहे: ज्या मुलाच्या जिभेचा हा प्रश्न, त्याच्या आईला आधीं विचारावें किंवा निदान सांगावें, ही कल्पनाच कोणाच्या मनांत आली नाहीं. लोकांच्या नांवानें राज्य चालतें तेथें ही संवय बरी नव्हे.

"अहो, पालकच अडाणी, त्यांना काय सांगावें?" असें कित्येक मुख्याध्यापक खाजगींत म्हणतात. त्यांस आम्ही ताराबाई मोडकांचें उदाहरण देतों. तें दूरचें नाहीं. बोर्डी व कोसबाड हीं गांवें २०१४ पर्यंत याच ठाणें जिल्ह्यांत होतीं. १९४५ पासून बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडास ताराबाईंनीं व अनुताई वाघांनीं बालशाळा नेली ती आदिवासी पाड्यांच्या अंगणांत. अंगणवाडी हें नांव तेथूनच निघालें. शाळा अंगणांत भरली म्हणजे घरच्या माणसांस मूल काय करतें तें डोळ्यांनीं दिसतें. त्यासाठीं अक्षरओळख लागत नाहीं. प्रथम संस्थेनें २००५ पासून चालविलेल्या "असर" पाहणीचीही तीच गोष्ट आहे. एका कागदावर अक्षरें, शब्द, पहिलीचा उतारा व दुसरीची गोष्ट. मुलापुढें धरा, तें कोठें अडखळतें तें चार मिनिटांत कळतें. ज्या बापास स्वतः वाचतां येत नाहीं त्यालाही अडखळणें ऐकूं येतें.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो अधिक वजनदार आहे. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका हीं कामें कायद्यानेंच त्यांच्या माथीं आहेत. त्यांवर माहिती भरण्याचा, छायाचित्रें पाठविण्याचा ससेमिरा. त्यांत आणखी एक कागद कोण लिहील? आमचें म्हणणें असें कीं, वर पाठवावयाचे दहा कागद कमी करा आणि एक कागद खालीं, घरीं, जाऊं द्या. शिक्षण मंत्रालयाच्या चौकटींत आपलें मूल कोठें बसतें यापेक्षां मुलाच्या आईला तें काय वाचतें हें कळणें अगत्याचें आहे.

तो कागद कसा असावा? महिन्याच्या आरंभीं एक पान, मराठींत, आणि कोपरीसारख्या ठिकाणीं जरूर तेथें हिंदींत व सिंधींतही: या महिन्यांत भाषेंत हें, गणितांत हें शिकवूं, घरीं एवढें विचारून पहा. इंग्रजी माध्यमाच्या शाळांनीं तर हें अवश्य करावें, कारण तेथें घातलेल्या मुलांच्या पालकांपैकीं पुष्कळांस इंग्रजी सूचना शेजाऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. महिनाअखेर रविवारीं किंवा रात्रीं साडेसातनंतर एक तास वर्ग उघडा ठेवावा. दुपारीं दोनची सभा ठेवून "पालक येतच नाहींत" अशी तक्रार करणें म्हणजे दुकान बंद करून गिऱ्हाइकाची वाट पाहणें होय. त्या तासांत भाषण नको, सत्कार नको, पाहुणा तर नकोच. प्रत्येक मुलानें आपल्या आईबापापुढें अर्धें पान वाचावें, एक हिशेब करावा, आणि शिक्षकानें तेथेंच सांगावें कीं पुढें काय. हें घडलें याची नोंद व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तांत व्हावी. कोपरींतील ज्या वाचकांचीं मुलें अशा समितीच्या शाळेंत आहेत, त्यांनीं येत्या सभेपूर्वीं हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याचा अर्ज मुख्याध्यापकांकडे द्यावा, त्याची पोंच घ्यावी, आणि अर्जांत कलम २४ चा उल्लेख करण्यास विसरूं नये.