फेरी मोफत, वाटाड्याला मात्र मानधन

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी नाशिकच्या तपोवनातली झाडे तोडण्याचा प्रस्ताव २०२५च्या अखेरीस पुढे आला, तेव्हा नाशिककर गप्प बसले नाहीत. विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, कलावंत असे सगळ्या थरांतले लोक त्या झाडांपाशी जमले. अंजनेरीच्या डोंगरावर रस्ता नेण्याचा आणि ब्रह्मगिरी-अंजनेरी रोप-वेचा विषय निघाला तेव्हाही विरोध झाला, पण तो प्रामुख्याने अभ्यासक, गिर्यारोहक आणि पर्यावरणावर काम करणाऱ्या मंडळींचा. तपोवनातून हजारो लोक रोज ये-जा करतात, तिथली सावली त्यांच्या अंगावर पडलेली असते. अंजनेरीचे पठार, बोरगडची कारवी, ममदापूरचे काळवीट यांची अशी ओळख फार थोड्यांना आहे. ही ओळख घडवणे हे सरकारचे काम आहे, असे माझे ठाम मत आहे. वनविभाग, जिल्हा प्रशासन आणि महापालिका यांनी मिळून नाशिकच्या संरक्षित वनक्षेत्रांत वर्षभर, ठरलेल्या दिवशी, जाणत्या वाटाड्यासोबत निसर्गफेऱ्या सुरू कराव्यात. येणाऱ्याला त्या पूर्ण मोफत असाव्यात आणि वाटाड्याचे मानधन सार्वजनिक निधीतून दिले जावे.

या मागणीला कायद्याचाही आधार आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली आणि ‘संवर्धन राखीव’ हा नवा प्रकार आला. सरकारी जमीन, पण स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून राखीव केलेली, अशी त्यामागची कल्पना. तिच्या व्यवस्थापन समितीत वनखात्याबरोबर त्या हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी आणि स्वयंसेवी संस्थांचे तीन प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रातले असे पहिले क्षेत्र नाशिकनेच दिले. शहराच्या उत्तरेला असलेले बोरगड २००८ साली संवर्धन राखीव झाले. उजाड झालेला तो डोंगर पुन्हा हिरवा व्हावा म्हणून नेचर कॉन्झर्वेशन सोसायटी ऑफ नाशिक या संस्थेने वनविभाग आणि गावकऱ्यांबरोबर काम केले. त्यानंतर येवला तालुक्यातले ममदापूर आणि त्र्यंबक रस्त्यावरचे अंजनेरी ही क्षेत्रे आली. म्हणजे लोकांना बरोबर घेऊन जंगल राखायचे, हे तत्त्व इथे कागदावर आधीच मान्य आहे. मात्र ‘लोक’ म्हणजे समितीच्या बैठकीला येणारे चार-सहा जण, एवढ्यावरच ते थांबले आहे.

अंजनेरीचेच पाहा. या डोंगराच्या नावाने ओळखली जाणारी ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही कंदिलपुष्पाची जात जगात इथे आणि आसपासच्या मोजक्या डोंगरांवरच सापडते. पावसाळ्यात गवतात लपलेले हे रोप दाखवणारा कोणी नसेल तर माणूस त्याच्यावर पाय देऊन पुढे जाईल आणि त्याला कळणारही नाही. वाटाड्या मात्र गुडघ्यावर बसतो, गवत बाजूला करतो आणि फुलाची नळी दाखवतो. कंदिलपुष्पांच्या नळीत खाली वळलेले बारीक केस असतात. वासाला भुलून आत शिरलेल्या चिलटाला ते बाहेर पडू देत नाहीत. फूल जुने होऊ लागले की केस सुकतात आणि चिलट परागकण घेऊन सुटते. याच डोंगराच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधाने देशातली गिधाडे झपाट्याने मेली, त्या औषधाचा गुरांसाठीचा वापर २००६ साली बंद करावा लागला. हरसूलजवळच्या खोरीपाड्याला तर गिधाडांसाठी मेलेली गुरे ठेवण्याची जागा केली गेली आणि गावाने तिला साथ दिली. रोप-वे हवा की नको यावर नाशिककरांनी मत जरूर द्यावे, पण ज्याने ते फूल आणि तो कडा पाहिला आहे त्याचे मत अधिक जबाबदार असेल.

वाटाड्यामुळे काय घडते, याचा पुरावा नांदूर मध्यमेश्वरला आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर ब्रिटिश काळात बांधलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचला, त्यातून पाणथळ तयार झाली. १९८६ साली तिथे अभयारण्य जाहीर झाले आणि जानेवारी २०२०मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून पुढे आले. चापडगावचे तरुण तिथे गाईड म्हणून काम करतात. दुर्बीण डोळ्याला लावून देत थापट्या कोणता, तलवार बदक कोणते, चक्रवाक कुठे बसला आहे, हे ते सांगतात. त्यांच्याशिवाय पाण्यावर फक्त काळे ठिपके दिसतात. देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक छोटा मासाही या पाणथळीच्या अतिसंकटग्रस्त जातींत गणला जातो, हे किती देवळालीकरांना माहीत असेल? आणि याच ठिकाणी शहराला आपला आरसाही दिसतो. नाशिकचे सांडपाणी गोदावरीत जाते, त्यातल्या पोषकद्रव्यांवर पाणवेली माजतात आणि प्रवाहाबरोबर खाली नांदूर मध्यमेश्वरपर्यंत येतात. रामकुंडावर उभे राहून हे समजत नाही. पाणवेलींनी झाकलेल्या पाण्यासमोर उभे राहून ते एका वाक्यात सांगता येते.

यावर पहिला आक्षेप गर्दीचा असतो आणि तो खरा आहे. भंडारदरा परिसरात काजवे पाहायला लोटणाऱ्या गर्दीने काय केले, ते सगळ्यांनी पाहिले: गाड्यांचे दिवे, मोबाईलचे टॉर्च, झाडाखाली पडलेल्या बाटल्या. पण त्या गर्दीला कोणी बोलावून, समजावून, हाताला धरून नेलेले नव्हते. आधी नोंदणी, एका गटात पंधरा-वीस माणसे, ठरलेली वाट आणि गिधाडांच्या विणीच्या काळात कड्याजवळची वाट बंद, एवढे नियम पाळले तर फेरीच गर्दीवरचा उपाय ठरते. अंजनेरीवर हनुमान जन्मस्थान म्हणून भाविक जातातच, पावसाळ्यात पर्यटक जातातच. प्रश्न त्यांना कोणी काही सांगणारा भेटतो की नाही, एवढाच आहे.

दुसरा आक्षेप असा की फुकटच्या गोष्टीची किंमत राहत नाही, आणि मोफत फेऱ्यांमुळे आज शुल्क घेऊन पोट भरणाऱ्या स्थानिक गाईडच्या पोटावर पाय येईल. या आक्षेपाचा दुसरा भाग मला जास्त गंभीर वाटतो. म्हणूनच स्वयंसेवकांच्या उत्साहावर ही योजना उभी करू नये. बंगळुरूच्या लालबागेत १९७०च्या दशकापासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी हौशी पक्षीनिरीक्षक जमत आले आहेत, ती परंपरा मोलाची आहे. पण बागेत जमणे वेगळे आणि त्र्यंबकच्या डोंगरात पावसात माणसे सांभाळून नेणे वेगळे. ज्या आदिवासी तरुणाला प्रत्येक झाड, प्रत्येक ओढा माहीत आहे, त्याच्या ज्ञानाला पुणे-मुंबईच्या तज्ज्ञाइतकाच मेहनताना मिळाला पाहिजे. शुल्काची फेरी हवी असणाऱ्यांसाठी ती चालू राहीलच. मोफत फेरी आहे ती सातपूरच्या कामगाराच्या मुलांसाठी, महापालिका शाळेतल्या वर्गासाठी आणि पंचवटीतल्या आजी-आजोबांसाठी. गाडी, प्रवेश, गाईड, दुर्बिणीचे भाडे असे सगळे मिळून होणारा खर्च ही मंडळी करणार नाहीत. सार्वजनिक वाचनालयाचे दार वर्गणीदारापुरतेच उघडे ठेवायचे नाही, हे आपण फार पूर्वी ठरवले. जंगलाबाबत तेच ठरवायला हरकत नसावी.

बिबट्याची भीती कोणी पुढे केली तर तीही समजून घ्यावी. निफाडच्या उसात आणि दारणाकाठच्या शेतांत बिबट्याने माणसे मारली आहेत, ते दुःख खोटे नाही. मात्र उजेड पडल्यावर गटाने, माहितगारासोबत जाणे हाच त्यातला सुरक्षित मार्ग आहे आणि बिबट्याच्या परिसरात कसे वागावे, हे शिकण्याचीही हीच जागा आहे.

करायचे काय, ते फार अवघड नाही. संवर्धन राखीवांच्या व्यवस्थापन समित्यांनी आपल्या ग्रामपंचायतींतून वाटाडे निवडावेत, वनविभागाने त्यांना प्रथमोपचाराचे आणि वन्यजीवांचे प्रशिक्षण द्यावे, आणि जिल्हा नियोजन समितीने त्यांच्या मानधनाची वेगळी तरतूद करावी. महापालिकेने सकाळी लवकर सुटणाऱ्या सिटीलिंक बसचे वेळापत्रक त्याला जुळवावे. त्र्यंबक रस्त्यावर ही बस धावतेच, म्हणून सुरुवात अंजनेरीपासून करता येईल आणि पक्षी आल्यावर हिवाळ्यात चापडगावपर्यंत नेता येईल. २०२७च्या सिंहस्थासाठी गोदाकाठी रस्ते, घाट आणि पूल यांवर मोठा खर्च होतो आहे. ज्या डोंगरांतून गोदावरी निघते, त्या डोंगरांच्या वाटाड्यांचे वर्षभराचे मानधन त्या खर्चापुढे नगण्य आहे. पुढच्या पावसाळ्यात कंदिलपुष्प फुलण्याआधी ही तरतूद व्हावी आणि फेऱ्यांची पहिली तारीख जाहीर व्हावी.