तिथीची पाऊणपट

गगनबावड्याचा घाट उतरला की कोल्हापूरकर दुपारच्या जेवणाला मालवणात. पण रंकाळ्याच्या काठी वाढलेल्या आपल्याला पाणी चढतं-उतरतं हे ध्यानातच राहत नाही.

१९९५च्या सुमारास, बँकेत असताना, एका रविवारी मुलांना घेऊन गेलो. एका दिवसात चार ठिकाणं उरकायची होती. ओहोटी लागली होती आणि मी चपला सांभाळत बसलो होतो. परतणाऱ्या लाटेनं धाकट्याच्या पायाखालची वाळूच ओढून नेली. रापण ओढणाऱ्यांपैकी एकानं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. मला एवढंच म्हणाला, "पावण्यानू, आज तिथ खंयची?"

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, दोन्ही पक्षांत. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. ठोकळ हिशेब आहे, उतरण्याआधी तिथल्या माणसाला विचारावंच. व्याज मोजण्यात हयात गेली, पण हा गुणाकार मला ठाऊक नव्हता!

आता नातीला नेतो. आदल्या रात्री पंचांग तिच्यापुढे ठेवतो, पाऊणपट तीच काढते. ठिकाण एकच. गेल्या खेपेला सिंधुदुर्ग, महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला. पावसाळ्यात होड्या बंद, म्हणून दिवाळीच्या सुटीत. भोवती खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. तिथून ती तासभर हलेना. हलवायची घाईही नव्हती.

संध्याकाळी ती लाटांत खेळली. तिचा बाप मात्र अजून घोट्यापुढे जात नाही.