दावा नाकारला म्हणून हक्क संपत नाही

हप्ता घ्यायचा असतो तेव्हा विमा एजंट घरी येतो. इस्पितळाचे बिल भरायची वेळ आली की मात्र 'जुना आजार लपवला' असे दोन ओळींचे पत्र येते. कष्टकरी माणूस त्या पत्राने खचतो, दागिने गहाण टाकतो आणि गप्प बसतो. कंपन्यांचे फावते ते या गप्प बसण्यामुळेच.

कायदा काय सांगतो? पॉलिसीची सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय आजार लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. २०२४ पूर्वी ही मुदत ८ वर्षे होती. अर्जात सांगितलेला आजार माहीत असून पॉलिसी दिली, तर पुढे त्याच आजाराकडे बोट दाखवून कंपनीला हात झटकता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मनमोहन नंदा खटल्यात ६ डिसेंबर २०२१ रोजी बजावले आहे.

म्हणून एजंटने भरलेल्या अर्जावर न वाचता सही करू नका. नकार कोणत्या अटीखाली, हे लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालये मुंबई-पुण्यात आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही. हे आम्ही वकील असूनच सांगतो. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तो तुम्हाला मान्य नसेल, तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे.

विमा ही मेहेरबानी नव्हे, पैसे मोजून केलेला करार आहे. तो पाळायला लावा!