गाठ तिची, कागद दिराच्या कपाटात

कळंब तालुक्यातल्या एका गावात बैठक संपली आणि एक बाई मागे थांबली. पदराखालून प्लॅस्टिकची पिशवी काढून म्हणाली, "ताई, माझी गाठ काढली. यात काय लिवलंय तेवढं वाचून सांगा."

गाठ बीजकोषाची, कर्करोगाची. तपासणीचा कागद दीड वर्ष दिराच्या कपाटात होता. सहा वेळा सलाईनमधून औषध गेलं, केस गळाले, तरी आजाराचं नाव तिला कुणी सांगितलं नव्हतं. 'बायकांना सांगून घाबरवायचं कशाला' हे ऐकून माझे तरी कान किटलेत.

कागदावर एक ओळ होती : के-आय ६७, ६० टक्के. मलाही ती कळली नाही. डॉक्टर मैत्रिणीने समजावली. पेशी वाढत, विभागत असते तेव्हाच तिच्या केंद्रात हे प्रथिन सापडतं, स्वस्थ बसलेल्या पेशीत नाही. १९८३ साली जर्मनीतल्या कील शहरातल्या संशोधकांनी त्याची माहिती प्रसिद्ध केली, म्हणून नावात 'के-आय'. गाठीच्या पातळ कापावर प्रक्रिया करून शंभरांतल्या किती पेशी तपकिरी झाल्या ते मोजतात. आकडा मोठा, तर गाठ वेगाने वाढणारी. पण एवढ्यावरून बाईचं पुढचं आयुष्य सांगता येत नाही. आजार पोटात कुठवर पसरला होता, ऑपरेशननंतर किती उरला, याला जास्त वजन आहे.

याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास १९९९ साली सुरू झाला. त्यात १,३१,७४६ बायका होत्या. पैकी ३१ हजारांवर बायकांची तपासणी न करता त्यांना तुलनेसाठी ठेवलं. २००९ साली निष्कर्ष आला : एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात या रोगाने ३४ मृत्यू, तुलनेच्या गटात ६४. जगाला हे ज्ञान आपल्या बायकांच्या शरीरांतून मिळालं. बीजकोषाच्या कर्करोगासाठी सरसकट सगळ्या बायकांची करावी अशी चाचणी अजून नाही. काढलेली गाठ काय सांगते, यावर बरंच अवलंबून असतं. मग ते तिलाच न सांगणं कुठला न्याय?

वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. गटांनी हे प्रत्येक बैठकीत सांगावं. गाठ किंवा पिशवी काढली की तुकडा तपासायला पाठवला का, हेही विचारावं.

त्या बाईने स्टँडवर कागदाची झेरॉक्स काढली. मूळ कागद स्वतःकडे ठेवला, झेरॉक्स दिराला दिली.