वारसा मोडीत काढणारी खरेदी

‘जुने ते सोने’ ही म्हण वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकताना ज्या पिढीला कंटाळा येत असे, तिच्याच दिवाणखान्यात आज जुन्या वस्तूंनी मानाचे स्थान पटकावले आहे. फरक इतकाच की, कोपऱ्यातले ते तांब्याचे घंगाळ स्वतःच्या आजीचे नसते. आजीचे केव्हाच मोडीत गेलेले असते. हे कुणा परक्या आजीचे, ‘अँटिक’ म्हणून दाम मोजून आणलेले असते!

या हौसेला माल पुरवणारी दुकाने आता महानगरांपुरती उरलेली नाहीत. सेवाग्राम-पवनारच्या निमित्ताने देशभरातील माणसे ज्या वर्ध्यात येतात, तेथे असे दुकान कुणी थाटले तर त्यात गैर काही नाही. प्रश्न दुकानाचा नाही, खरेदीचा आहे. हा माल येतो कोठून? भावाभावांच्या वाटणीत जुना वाडा पडतो आणि त्याच्या सागवानी चौकटी, कोरीव खांब विकले जातात. माळ्यावरची समई, लामणदिवा, अडकित्ता भंगारवाल्याच्या तराजूत पडतात. तेथून दलाल, दलालाकडून दुकान. या प्रवासात वस्तू शाबूत राहते. तिचे गाव, घर, तिचा कारागीर यांची माहिती मात्र पहिल्याच उंबरठ्यावर गळून पडते.

व्यापाऱ्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो : आम्ही घेतले नसते, तर हे सारे भट्टीत वितळले असते. यात तथ्य आहे, हे मान्य केलेच पाहिजे. पुण्याच्या दिनकर केळकरांनीही दिवे आणि अडकित्ते जुन्या बाजारांतून, गावोगाव हिंडूनच जमवले. परंतु तो संग्रह त्यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मृतीस वाहिला आणि शासनाच्या स्वाधीन केला. शिवाय हा युक्तिवाद घंगाळाला लागू पडेल, देवमूर्तीला कसा पडणार? शेताच्या बांधावर वा पिंपळाखाली विराजमान असलेली पाषाणमूर्ती कोणत्या भट्टीत जाणार होती?

पवनारचे उदाहरण वर्धेकरांच्या डोळ्यांसमोर आहे. आचार्य विनोबा भावे १९३८ मध्ये धाम नदीकाठी राहावयास आले. तेथील जमीन खणताना भरत-राम भेटीचे शिल्प हाती लागले आणि विनोबांनी त्याची स्थापना तेथेच केली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे प्रतिपादन केले, त्यात पवनारच्या रामायणविषयक शिल्पांचा आधार मोलाचा होता. (प्रवरपूर कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण वाद घालण्यासाठीही शिल्प जागेवर असावे लागते.) तेच शिल्प एखाद्या दलालाच्या हाती पडते, तर ‘बागेत शोभणारा जुना कोरीव दगड’ यापलीकडे त्याची ओळख उरली नसती.

कायदा नाही, असेही नाही. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे बंधन १८७८ च्याच कायद्याने घातले. पुरावस्तू व कलानिधी कायदा १९७२ चा, अंमलात आला १९७६ मध्ये. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना हवा. परवानाधारकाने नोंदवह्या आणि छायाचित्रे ठेवावीत. मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते यांची मालकाने नोंदणी करावी, खासगी निर्यात तर निषिद्धच. किती सुशिक्षित कुटुंबांनी आपल्या देवघरातील पणजोबांच्या मूर्तीची नोंदणी केली आहे? दुकानदाराला जाब विचारण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारावा लागेल.

आणि वर्ध्यापुरती या कायद्याला एक मोठी फट आहे. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहावयास गेले. त्या काळातील पत्रे, दप्तरे यांना पंचाहत्तर वर्षांची अट असल्याने ऐतिहासिक मोलाच्या कागदांना संरक्षण मिळते; पण त्याच घरातला, त्याच वर्षीचा चरखा २०३६ पर्यंत पुरावस्तू ठरत नाही! येरवड्याच्या कारावासात गांधीजींनी वापरलेला चरखा २०१३ मध्ये इंग्लंडमधील लिलावात १ लाख १० हजार पौंडांना विकला गेला. त्याआधी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांचा चष्मा, घड्याळ, चपला, ताट-वाटी यांना १८ लाख डॉलर आले होते. सेवाग्राम आश्रमातील त्यांचा चष्मा चोरीस गेल्याचे २०११ मध्ये उघडकीस आले. अशा किमती कानी पडल्यावर प्रत्येक पेटीचरखा ‘बापूंच्या काळातला’ म्हणून विकण्याचा मोह कोणाला होणार नाही? खऱ्याखोट्याचा निवाडा करणार कशावरून, जर तो कोणत्या घरातून निघाला हेच लिहिलेले नसेल?

वर्ध्यात मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्याच हस्ते त्याचे उद्घाटन झाले, तेही ग्रामोद्योगांसाठी. ज्या जिल्ह्याला अशी संस्था लाभली, तेथील घरांनी जुनी वस्तू तराजूत टाकण्यापूर्वी प्रथम तेथे विचारणा करावी. विकणे अटळच असेल, तर गाव, घराणे, साल यांची चिठ्ठी वस्तूसोबत द्यावी, दुकानदाराने ती वहीत उतरवावी आणि ग्राहकाने पावतीवर मागून घ्यावी. यास शासनाच्या आदेशाची आवश्यकता नाही. चरखा घरात कोणी आणला, त्यावर कोण सूत काढीत असे, हे स्वतःच्या आठवणीतून सांगू शकणारी माणसे आजच नव्वदीच्या घरात आहेत.